व्हाइटटेल हरणासाठी कार्बन ॲरो कसे निवडावेत: ६० पाउंडाच्या कंपाऊंडवाल्याला सविस्तर उत्तर

अरे बाबा, आधी तुझा प्रश्न थोडक्यात मांडतो, म्हणजे आणखी कुणी वाचेल त्यालाही संदर्भ लागेल. तू मूळचा इंदूरचा, नोकरीमुळे सध्या मिशिगनमध्ये, ऑफिसातली मंडळी ऑक्टोबरमध्ये हरणाच्या शिकारीला घेऊन जाणार आहेत, त्यासाठी ६० पाउंडाचा (दोरी ओढायला तेवढा जोर लागतो, त्याला ड्रॉ वेट म्हणतात) कंपाऊंड बो, म्हणजे कॅम नावाची चाकं लावलेलं धनुष्य, घेतलायस, ड्रॉ लेंथ (दोरी ओढायचं अंतर) २८ इंच, आणि दुकानातला माणूस म्हणतोय की सगळ्यात हलके कार्बन ॲरो घे, स्पीड भरपूर मिळेल, आणि घ्यायचेच तर .००१ स्ट्रेटनेसवाले घे. आता तुला कळत नाहीये की स्पाइन (बाणाच्या दांड्याचा कडकपणा) ४०० घ्यावा का ३४०, वजन किती ठेवावं, महागातले घ्यायची गरज आहे का, आणि डिसेंबरात घरी येशील तेव्हा हेच बाण इकडे आणून प्रॅक्टिस करता येईल का.

मी स्वतः कंपनीच्या कामासाठी काही वर्षं मिशिगनलाच होतो, बो हंटिंग तिथेच शिकलो, तिथल्या सीझनमध्ये केलंही, आणि परत आल्यापासून पीथमपूरची नोकरी सांभाळून संध्याकाळी मुलांना कंपाऊंड शिकवतो, त्यामुळे दोन्हीकडचं माहितीये. तर एकच गोष्ट मनात पक्की बसव, बाकी सगळं त्यातून निघतं. शिकारीचा बाण बोपासून निवडायला सुरुवात करायची नसते, जनावरापासून करायची. आधी जनावर कुठलं, मग त्याला ब्रॉडहेड (बाणाच्या टोकाला लावायचं धारदार पात्यांचं हेड) कुठलं, मग बाणाचं एकूण वजन किती, मग लांबी, मग स्पाइन, आणि ब्रँड, रंग, स्ट्रेटनेस हे सगळं त्याच्यानंतर. दुकानात बरोब्बर उलटं होतं, आधी डब्यावरचा स्पीड दाखवतात आणि मग बाकीचं त्यात बसवायला बघतात.

जनावर व्हाइटटेल आहे. मारायची जागा म्हणजे फुप्फुसं आणि हृदय, खांद्याच्या मागे आठ-दहा इंचांचा भाग. बंदुकीची गोळी धक्क्याने मारते, बाण कापून मारतो. धारदार पातं दोन्ही फुप्फुसांतून आरपार गेलं की हरीण थोडं अंतर पळतं आणि पडतं, बहुतेक वेळा मिनिटाच्या आत. आरपार जाणं महत्त्वाचं कारण दोन भोकं पडतात, रक्ताचा माग जमिनीवर दिसतो आणि जनावर सापडतं. बाण अर्ध्यात अडकला की माग तुटक होतो आणि जखमी हरीण रात्रभर तडफडून कुठेतरी झाडीत मरतं. हे टाळायचं हा आपला पहिला धर्म आहे, आणि बाण निवडताना जो प्रत्येक निर्णय घ्यायचा तो ह्याच एका गोष्टीवर तपासायचा.

आता वजन. बाणाचं वजन ग्रेनमध्ये मोजतात, एका ग्रॅमचे १५.४३ ग्रेन. बो बनवणाऱ्या बहुतेक कंपन्या सांगतात की ड्रॉ वेटच्या दर पाउंडाला कमीत कमी ५ ग्रेन बाण हवा, म्हणजे तुझ्या ६० पाउंडाला ३०० ग्रेन ही तळातली मर्यादा, त्याच्या खाली गेलास तर रिकामा बो सोडल्यासारखा झटका लिंब्सना (बोच्या वरच्या-खालच्या लवचिक हातांना) आणि कॅमला बसतो. बोच्या जाहिरातीत जो स्पीड छापतात तो साधारण ७० पाउंड, ३० इंच ड्रॉ आणि ३५० ग्रेनचा बाण धरून काढलेला असतो, हे बरेच जण विसरतात. तुझा ड्रॉ २८ आहे, बो ६० चा आहे, तो आकडा तुला दिसणारच नाही, मग त्याच्यामागे धावायचं कशाला.

हिशोबच करून दाखवतो. समज तुझ्या बोमधून ३३० ग्रेनचा हलका बाण सेकंदाला २८५ फुटांनी गेला, आणि ४२० ग्रेनचा २५५ नी. ऊर्जा काढायची तर वजन गुणिले वेगाचा वर्ग भागिले ४५०२४०. हलक्याची आली साडेएकोणसाठ फूट-पाउंड, जडाची साधारण ६१. म्हणजे ३० फूट स्पीड जास्त मिळूनसुद्धा ऊर्जा वाढली नाही, उलट थोडी कमीच भरली, कारण बो जड बाणाला आपली ताकद जास्त चांगली देतो आणि हलक्या बाणाच्या वेळी तीच ताकद आवाजात आणि थरथरीत वाया जाते. मोमेंटम बघितलं, म्हणजे वजन गुणिले वेग भागिले २२५४००, तर हलक्याचं ०.४१७ आणि जडाचं ०.४७५. हा फरक मोठा आहे. टेनिस बॉल आणि सीझन बॉल सारख्याच जोराने फेकून बघ, टेनिस बॉल आधी पोचेल पण समोरच्या माणसाच्या हाताला कुठला कळतो ते त्यालाच विचार. बरगडी लागली, खांद्याचा कडेचा भाग लागला, तेव्हा पुढे जात राहण्याचं काम मोमेंटम करतं.

ईस्टन ह्या बाण बनवणाऱ्या कंपनीचा एक जुना तक्ता सगळीकडे फिरतो, त्यात हरणाच्या आकाराच्या जनावराला २५ ते ४१ फूट-पाउंड आणि एल्क, काळं अस्वल वगैरेंना ४२ ते ६५ दिलेत. म्हणजे ६० पाउंडाचा बो हरणाला कमी पडेल ही काळजी काढून टाक, ताकद भरपूर आहे, ती नीट वापरली जातेय का एवढाच प्रश्न. दुसऱ्या टोकाला काही लोक तुला ६५० ग्रेनचा बाण बनवायला सांगतील, हा आकडा एड ॲश्बी यांच्या मोठ्या जनावरांवरच्या चाचण्यांमधून आलाय, जाड हाड फोडायच्या संदर्भात. त्यांचं काम फार मोलाचं आहे, पण व्हाइटटेलसाठी ६० पाउंडावर ६५० ग्रेन लावलास तर बाण इतका वाकड्या कमानीतून जाईल की २२ यार्ड आणि २८ यार्डमधला अंदाज जरा चुकला तरी बाण खाली जाईल. तुझ्यासाठी ४१० ते ४४० ग्रेन, म्हणजे पाउंडाला सातच्या आसपास, हे मी डोळे झाकून सांगेन.

आता तू म्हणशील की काका पण स्पीड कमी केला तर हरीण आवाज ऐकून उडेल ना. हा प्रश्न सगळ्यांना पडतो आणि त्याचाही हिशोब आहे. आवाज हवेत सेकंदाला साधारण ११२५ फूट जातो. २५ यार्ड म्हणजे ७५ फूट, तर बो सुटल्याचा आवाज हरणाला ०.०७ सेकंदात पोचतो. २८५ वाला बाण पोचायला ०.२६ सेकंद घेतो, २५५ वाला ०.२९. फरक सेकंदाच्या तीन शतांशाचा. दोन्ही बाणांच्या आधी आवाज पोचलेलाच आहे, आणि हरणाने खाली दबून उसळी घ्यायचं ठरवलं तर दोन्ही वेळा त्याला पुरेसा वेळ आहे. उपयोग होतो तो आवाज कमी करण्याचा, आणि जड बाणाने बो खरोखर शांत होतो, हातात धरल्यावर लगेच कळतं. शिवाय हरीण सावध उभं असेल, मान ताठ, कान तुझ्याकडे, तर बाण सोडायचाच नाही, मग बाण कुठला का असेना.

ब्रॉडहेडबद्दल फार लांबवत नाही. १०० किंवा १२५ ग्रेनचं, फिक्स पात्याचं, दोन किंवा तीन पाती. उघडणारी मेकॅनिकल हेड्स चांगली असतात, बाण सरळ उडतो, जखम रुंद होते, पण उघडायला आणि रुंद कापायला ऊर्जा खातात, आणि पहिल्या सीझनला तुझ्या सेटअपवर मी फिक्सच लावीन. मिशिगनच्या नियमात ब्रॉडहेड कमीत कमी ७/८ इंच रुंद आणि बाण कमीत कमी १४ इंच लांब लागतो, बाजारातली नेहमीची हेड्स त्यात बसतातच, तरी त्या वर्षीची नियमपुस्तिका स्वतः उघडून वाच, शेजारचा सांगतो म्हणून नको. धार बघायची तर रबरबँड ताणून त्यावर पातं हलकेच टेकवायचं, पटकन तुटला पाहिजे, नुसतं रेटावं लागलं तर पातं बदल. पाकिटातून काढलेलं प्रत्येक पातं धारदार असतंच असं नाही.

आता स्पाइन, इथे जरा थांबून लिहितो कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. स्पाइन म्हणजे शाफ्टचा, म्हणजे बाणाच्या नुसत्या दांड्याचा, कडकपणा. शाफ्ट २८ इंच अंतरावरच्या दोन आधारांवर आडवा ठेवायचा, मधोमध १.९४ पाउंड म्हणजे ८८० ग्रॅम वजन टांगायचं आणि शाफ्ट किती इंच खाली वाकतो ते मोजायचं. ०.४०० इंच वाकला तर ४०० स्पाइन, ०.३४० वाकला तर ३४०. म्हणजे आकडा लहान तितका शाफ्ट कडक. हे मी मुलांना प्रत्यक्ष करून दाखवतो, लाकडी पट्टीवर दोन खाचा, मधे वजन आणि खाली वर्कशॉपमधला डायल गेज, ४०० च्या शाफ्टला काटा १०.१६ मिलिमीटर दाखवतो आणि ३४० च्या शाफ्टला ८.६४. एकदा डोळ्याने बघितलं की पोरं तो आकडा आयुष्यात विसरत नाहीत. आणखी एक कळतं त्यातून, तोच शाफ्ट थोडा थोडा फिरवत मोजला तर काटा अगदी सारखा राहत नाही, एका बाजूला किंचित कडक लागतो कारण कार्बनची शीट गुंडाळताना कुठेतरी जोड किंवा पदर जास्त येतो. चांगल्या आणि स्वस्त शाफ्टमधला खरा फरक मला स्ट्रेटनेसपेक्षा इथे दिसतो.

पण हा झाला ठेवलेल्या शाफ्टचा कडकपणा. बोमधून सुटताना बाण किती वाकतो ते आणखी चार गोष्टींवर ठरतं. ड्रॉ वेट वाढलं की बाण जास्त वाकतो, बाण लांब ठेवला की जास्त वाकतो, पुढे वजन वाढवलं की जास्त वाकतो, आणि कॅम जितका आक्रमक तितका जास्त वाकतो. ढोबळमानाने बाणाचा एक इंच म्हणजे ड्रॉ वेटचे पाच पाउंड असं धरून चाल, कंपन्यांचे तक्ते साधारण त्याच पायऱ्यांनी बनवलेले असतात, आणि पुढे २५ ग्रेन वाढले की तेही काही पाउंड वाढल्यासारखंच. तुझे ६० पाउंड, २८ इंचांचा बाण, १०० ग्रेन हेड, तक्ता तुला ४०० दाखवेल आणि ते चूक नाही. पण तू १२५ चं हेड लावलंस किंवा पितळी इन्सर्ट (हेड बसवायला शाफ्टच्या तोंडात घालतात तो तुकडा) घातलंस किंवा पुढच्या वर्षी बो ६५ वर नेलास की तोच ४०० मऊ पडायला लागेल. म्हणून मी तुला ३४० घे म्हणतो, कंपनीत ३५० असेल तर ३५०. रिलीज (दोरी सोडायचं हातातलं छोटं यंत्र) वापरणाऱ्या कंपाऊंडवाल्याला बाण जरासा कडक असला तर फारसं बिघडत नाही, ट्यूनिंगमध्ये सांभाळता येतो. मऊ बाण मात्र ब्रॉडहेड लावला की सैरभैर जातो, कारण पुढची पाती हवेत सुकाणूसारखं वागतात आणि वाकत जाणाऱ्या शाफ्टला आणखी भरकटवतात. आणि फारच मऊ असला तर सुटताना मोडू शकतो. दोन स्पाइनच्या मधे अडकलास की कडक घे, हे हंटिंगमध्ये जवळजवळ नियमासारखं धर.

लांबी ठरवताना ड्रॉ लेंथ आणि बाणाची लांबी ह्यात घोळ करू नकोस, २८ ड्रॉ म्हणजे २८ चा बाण असं नसतं. लांब न कापलेला शाफ्ट लावून, जाणकार माणूस बाजूला उभा करून (समोर कधीच नाही), फुल ड्रॉला रेस्टच्या (बाण टेकतो त्या आधाराच्या) पुढे साधारण एक इंचावर खूण करायला सांग. मोजमाप नॉकच्या (बाणाच्या मागच्या, दोरीत बसणाऱ्या टोपीच्या) खाचेपासून शाफ्टच्या टोकापर्यंत, हेड धरायचं नाही. एक पथ्य मात्र कधी मोडायचं नाही, फुल ड्रॉला ब्रॉडहेडची पाती बोट, मूठ आणि रायझर (बोचा मधला, हातात धरायचा भाग) ह्यांच्या पुढेच राहिली पाहिजेत. थोडे ग्रेन वाचवायला बाण आखूड कापणारे लोक मी बघितलेत, पातं बोटापासून अर्ध्या इंचावर असतं, मला ते बघवत नाही.

सगळं जोडून बघू. ५ मिलिमीटर प्रकारचा, म्हणजे आतला व्यास .२०४ इंच असलेला ३४० चा शाफ्ट इंचाला साधारण साडेनऊ ग्रेन भरतो, उदाहरणार्थ ईस्टनचा ॲक्सिस. २८ इंचाचे झाले २६६. इन्सर्ट १६, नॉक ९, तीन छोटे व्हेन (मागचे प्लॅस्टिकचे पंख) मिळून १८, हेड १००, एकूण ४०९. हेड १२५ घेतलंस तर ४३४. बघ, काहीही ओढाताण न करता आपण हव्या त्या वजनात येऊन पोचलो. गोल्ड टिप, व्हिक्टरी, ब्लॅक ईगल ह्यांचेही ह्याच वजनातले शाफ्ट मिळतात, मला ब्रँडशी देणंघेणं नाही, इंचाला किती ग्रेन आणि स्पाइन किती एवढं डब्यावर वाच आणि कागद-पेन्सिल घेऊन बेरीज कर.

मग पुढचा भार, त्याला एफओसी म्हणतात. तयार बाण बोटावर तोलायचा, तोल कुठे येतो ते नॉकच्या खाचेपासून मोजायचं, त्यातून अर्धी लांबी वजा, भागिले पूर्ण लांबी. २८ इंचांच्या बाणाचा तोल १७.४ वर आला तर ३.४ भागिले २८, म्हणजे १२ टक्के. १० ते १५ मध्ये असला की झालं. ह्याच्यावर लोक तासन्‌तास वाद घालतात, तू घालू नकोस. फक्त मागे चमकणारा लाइटेड नॉक लावायचा असेल तर तो साध्या नॉकपेक्षा बराच जड असतो, २० ग्रेनच्या पुढे जातो, त्याने तोल मागे सरकतो, तेवढं लक्षात ठेव.

स्ट्रेटनेसचं तू विचारलंस. .००१, .००३, .००६ हे इंचातले आकडे, शाफ्ट सरळ रेषेपासून किती हटलाय ते. टार्गेटवाला ५० मीटरवर ८० सेंटिमीटरच्या फेसवर खेळतो, त्याला .००१ चे पैसे मोजायला कारण आहे. तू झाडावरच्या स्टँडवरून २०-२५ यार्डावर मारणार आहेस. .००३ घे, उरलेले पैसे जास्तीच्या ब्रॉडहेड्सवर आणि रेंजफाइंडरवर घाल. अंतर बरोबर कळणं ह्याने जितकं काम होईल तितकं .००१ ने कधीच होणार नाही. .००६ सुद्धा चालतात पण मग डझनातून निवडून घ्यायची तयारी हवी. शाफ्ट कापताना दोन्ही टोकांकडून थोडं थोडं कापलं तर चांगलं, कारण वाकडेपणा बहुतेक टोकांना जास्त असतो.

जाडीबद्दल, .२४६ आतल्या व्यासाचा नेहमीचा शाफ्ट स्वस्त, त्याचे इन्सर्ट-नॉक कुठेही मिळतात. ४ मिलिमीटरचा अगदी बारीक शाफ्ट वाऱ्यात कमी हलतो, आत चांगला शिरतो, पण त्याचं पुढचं जोडकाम नाजूक आणि महाग, आउटसर्ट (शाफ्टवर बाहेरून बसणारा जोड) वाकला की बाण गेला. मधला ५ मिलिमीटर हा मला सगळ्यात समतोल वाटतो. व्हेन दोन इंची उंच, तीन, किंचित तिरपे किंवा हेलिकल चिकटवलेले, कारण ब्रॉडहेडला सांभाळायला बाण फिरला पाहिजे. पिसं सुंदर चालतात पण ऑक्टोबरातल्या मिशिगनच्या पावसात भिजून बसतात.

आता कार्बनची सुरक्षितता, आणि हे कृपा करून घाईत वाचू नकोस. ॲल्युमिनियमचा बाण खराब झाला की वाकतो, डोळ्याला दिसतो. कार्बनचा बाण आतून चिरतो आणि वरून जसाच्या तसा दिसतो. असा बाण सोडला की दोरीचा सगळा जोर त्या चिरेवर येतो, शाफ्ट फाटतो आणि त्याचे सुईसारखे तुकडे बो धरलेल्या हातात, अंगठ्याच्या मुळाशी किंवा मनगटात घुसतात. म्हणून प्रत्येक बाण, प्रत्येक वेळी, टार्गेटमधून काढल्यावर आणि परत लावायच्या आधी तपासायचा. दोन्ही हातांत टोकं धरून शरीरापासून लांब ठेवून हलकेच वाकवायचा, इंच-दोन इंच, पाव फेरा फिरवायचा, परत वाकवायचा, असा पूर्ण फेरा. कान लावून ऐकायचं, टिक किंवा चर्र असा बारीकसा आवाज आला की बाण बाद. मग दोन्ही टोकं धरून उलटसुलट पिळायचं. मग कापसाचा बोळा शाफ्टवरून फिरवायचा, चीर असेल तर कापसाचा धागा अडकतो.

माझ्याकडे येणाऱ्या एका मुलीचा बाण दुसऱ्या बाणाने मागून ठोकला गेला होता, नॉक फुटला, तिने नवा नॉक बसवला आणि बाण परत क्विव्हरमध्ये, म्हणजे भात्यात. दिसायला नवाकोरा. मी तो हातात घेऊन वाकवला तेव्हा तिसऱ्या पाव फेऱ्याला कागद दुमडल्यासारखा आवाज आला, नॉक काढून उन्हात धरला तर शाफ्टच्या कडेपासून आत केसाएवढी रेघ, अंदाजे नखाएवढ्या लांबीची. तिच्या आईला दाखवली ती रेघ, कारण घरी प्रॅक्टिसला आईच उभी असते. तो बाण मी तिथेच मधोमध मोडला आणि टाकला. चिरलेला बाण मोडूनच टाकायचा, नाहीतर दोन दिवसांनी कुणीतरी तो परत उचलतो.

हाच नियम शिकारीनंतर. हरणाच्या आत बाण मोडला तर कार्बनचे तंतू मांसात राहू शकतात, आणि ते पोटात जाणं अजिबात चांगलं नाही. मोडलेले तुकडे जुळवून बघायचे पूर्ण सापडलेत का, आणि जखमेच्या भोवतीचं मांस सढळ हाताने कापून टाकायचं. तुझ्याबरोबरच्या लोकांना हे माहीत असेल, तरी तू स्वतः बघ.

कापणं आणि चिकटवणं घरी करणार असशील तर पाइप कापायचं चाक लावू नकोस, शाफ्ट चेपून चिरतो, वेगाने फिरणारी अब्रेसिव्ह डिस्कच लागते, आणि ती धूळ नाकात जाता कामा नये, मास्क लावून मोकळ्यावर कर. टोक नव्वद अंशात घासून घे, आतून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पूस, मग इन्सर्ट इपॉक्सीने बसव. हॉट मेल्ट वापरलास तर कमी तापमानाचंच, आणि ज्योत शाफ्टला कधी लावायची नाही, कार्बनमधलं रेझिन जळतं. जाड फोममधून बाण ओढून काढताना घर्षणाने तो चांगला गरम होतो, तेव्हा इन्सर्ट हलला का तेही बघत राहा.

ट्यूनिंगचं एकच सांगतो, बाकी तिथल्या प्रो शॉपमध्ये पेपरमधून बाण मारून सेट करून घे. डझन बाणांवर मार्करने नंबर टाक. २० यार्डावर फील्ड पॉइंट (सरावाचं साधं, पाती नसलेलं टोक) आणि ब्रॉडहेड आळीपाळीने मार. ब्रॉडहेड फील्ड पॉइंटच्या सतत डावीकडे लागत असतील तर रेस्ट अगदी थोडा, इंचाच्या बत्तिसाव्या भागाएवढा, उजवीकडे सरकव, उजवीकडे लागत असतील तर डावीकडे. दोन्ही एकत्र पडायला लागेपर्यंत हेच. एखादाच नंबर सारखा वेगळा जात असेल तर त्याचा नॉक थोडा फिरवून बघ, तरीही ऐकत नसेल तर तो फील्ड पॉइंटच्या प्रॅक्टिसला ठेव. डझनातले सहा उत्तम निघाले की शिकारीला तेच. आणि हे सगळं सप्टेंबरच्या आत, कारण आर्चरी सीझन १ ऑक्टोबरला उघडतो, १४ नोव्हेंबरपर्यंत चालतो, १५ पासून बंदूकवाले येतात. १ जानेवारी १९६० ला किंवा त्यानंतर जन्मलेल्याला लायसन्सच्या आधी हंटर सेफ्टीचा कोर्स लागतो, तो केला नसशील तर बाणांच्या आधी तो कर.

आता डिसेंबरात इकडे आणण्याचं. बाण चेक-इन सामानात, केबिनमध्ये नाही, आणि फक्त फील्ड पॉइंट लावून. ब्रॉडहेड तिकडेच ठेव. इथे त्याचा कायदेशीर उपयोगच नाही, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे, आणि त्या कायद्यात शिकारीचा नुसता प्रयत्नसुद्धा शिकारच धरलाय. गावाकडे कुणी म्हणेल की नीलगाय हरभरा खाऊन जाते, तू शिकून आलायस तर मार एखादी, तर स्पष्ट नाही म्हणायचं, तो निर्णय सरकारी परवानगीचा आहे, तुझा-माझा नाही. रालामंडलच्या टेकडीवर होळकरांची शिकारगाह होती, आज ते अभयारण्य आहे आणि मला ते तसंच आवडतं.

प्रॅक्टिस मात्र मनसोक्त कर. पण एक गोष्ट समजून ये, इथे मुलांच्या हातात जे बाण दिसतील ते वेगळ्या हिशोबाचे असतात. २०२३ ला बर्लिनमध्ये साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे कंपाऊंडचे जगज्जेते झाले, आपल्या मध्य प्रदेशातल्या जबलपूरच्या मुस्कान किरारने २०१८ च्या एशियन गेम्सला टीममध्ये रौप्य आणलं, २०२८ च्या ऑलिंपिकमध्ये कंपाऊंडची मिक्स्ड टीम येतेय, त्यामुळे पालक खूप उत्साहात आहेत आणि ते तुझे बाण बघून मुलांना तसलेच हवेत म्हणतील. त्यांना सांग की ५० मीटरच्या टार्गेटला हलका, बारीक, एकसारख्या वजनाचा बाण लागतो, तिथे आत शिरायचं नसतं, कागदावर दहा लागला पाहिजे. लहान मुलाच्या ३० पाउंडाच्या बोला ३४० चा शाफ्ट काठीसारखा कडक होईल, एकही ॲरो सरळ जाणार नाही.

वजन करायला वेगळा ग्रेन स्केल विकत घेऊ नकोस. सराफ्यात दिवसा सोन्या-चांदीवाले वापरतात तसा ग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंत मोजणारा छोटा काटा पुरतो, ४२० ग्रेन म्हणजे २७.२२ ग्रॅम. बाण आडवा ठेवायला दोन बाजूंना आधार नको, काट्यावर एक छोटी वाटी पालथी ठेवून शून्य करायचं आणि बाण तिच्यावर आडवा तोलून ठेवायचा, हात किंवा भिंत लागू द्यायची नाही. आणि उन्हाळ्यात कधी आलास तर बाण गाडीत ठेवू नकोस, मे महिन्यात बंद गाडीत कार्बनला काही होत नाही पण हॉट मेल्टने बसवलेले इन्सर्ट सुटतात.

आता तू एवढं कर, फुल ड्रॉला केलेल्या खुणेची लांबी, बोचं स्केलवर मोजलेलं खरं ड्रॉ वेट (डब्यावरचं नको), हेड १०० का १२५ ते, आणि दुकानात .२०४ मध्ये कुठले शाफ्ट आहेत त्यांची इंचाला किती ग्रेन ही माहिती, हे चार आकडे पाठव. त्यावरून कापायची लांबी मी तुला पाव इंचापर्यंत सांगतो, तोपर्यंत शाफ्ट कापून घेऊ नकोस.